निरोपात निरोप असावा



दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणी झाली, आणि आज दीड महिन्यानं लिहायला बसले आहे. मधल्या काळात तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी विचारलं, "लेक गेली का फ्रान्सला? बरोबर काय काय दिलंत?" आधी तेच सांगते, कारण प्रत्येकीच्या घरून कधी ना कधी कुणीतरी जायचं असतंच. बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, मूगडाळ, दोन किलो जाडे पोहे, छोटा कुकर, पाणी गाळायला पांढरं धुवट फडकं आणि रोजच्या पाठाचं एक लहानसं पुस्तक. सामानाला तीस किलोची मर्यादा. त्यामुळे चार वेळा बॅग उघडली. दर वेळी तिनं एक डबा बाहेर काढला आणि मी तो गुपचूप परत आत सरकवला.

पण आजचं लिहिणं डब्यांबद्दल नाही. जे द्यायचं राहिलं, त्याबद्दल आहे.

आमच्या लेकीनं शाळेत तिसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली होती. इकडे नवी मुंबईत निम्मी मुलं घेतात, त्यात काही विशेष नाही. पण तिची गोडी टिकली. पुढं वाशीला एका क्लासला जाऊन तिनं वरच्या परीक्षा दिल्या आणि लिऑन शहरातल्या विद्यापीठात प्रवेश मिळवला. जुलैमध्ये त्या क्लासचा शेवटचा दिवस होता, पालकांनाही बोलावलं होतं. मी आणि आमचे हे, दोघंही गेलो. शेवटी सगळी मुलं गोल करून उभी राहिली आणि एक गाणं म्हणू लागली. शेवटच्या कडव्याला त्यांनी आपले हात छातीवर आडवे घेतले आणि दोन्ही बाजूंच्या मुलांचे हात धरले. साखळीच झाली. चाल कानांना ओळखीची होती, शब्द मात्र एकही कळत नव्हता. तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी बसलेल्या दाक्षिणात्य बाईंनी न बोलता पर्समधला रुमाल पुढं केला.

घरी येताना तिला विचारलं, "काय गं होतं ते?"

ती म्हणाली, "आई, त्याचं नाव 'शाँ देझ आद्यू', म्हणजे निरोपाचं गाणं. जाक सेव्हँ नावाच्या एका पाद्र्यानं १९२० साली तिकडच्या स्काउटच्या मुलांसाठी लिहिलं. कॅम्प संपला की शेकोटीभोवती उभं राहून म्हणतात."

चाल स्कॉटलंडची, 'ऑल्ड लँग साइन'ची. ते गाणं रॉबर्ट बर्न्स या कवीनं १७८८ साली लिहून दिलं. मूळ गाणं जुन्या मैत्रीचं, जुन्या दिवसांची आठवण काढणारं आहे. फ्रेंच भाषेत येताना त्याचं निरोपाचं गाणं झालं. आपण आशा सोडून दूर व्हायचं का, असं ते विचारतं आणि स्वतःच उत्तर देतं, की हे जाणं कायमचं नव्हे, पुन्हा भेटेपर्यंतचंच. आणि शेवटी म्हणतं, सगळ्यांना पाहणारा देव आपली पुन्हा गाठ घालून देईल.

मग लेकीनं मला आणखी एक गोष्ट सांगितली. फ्रेंचमध्ये निरोपाचे दोन शब्द आहेत. एक 'आद्यू'. त्याचा सरळ अर्थ देवापाशी, म्हणजे आता तुला देवाच्या हवाली केलं. जिथं पुन्हा भेट होण्याची खात्री नसते तिथं हा शब्द. दुसरा 'ओ रव्वार', पुन्हा दिसेपर्यंत. दुकानातून निघतानाही माणसं हाच म्हणतात. गंमत बघा, गाण्याच्या नावात पहिला शब्द आहे आणि सगळं गाणं समजूत घालतं ती दुसऱ्याची.

मी म्हटलं, "अगं, मग हे आपलंच झालं की. जाते म्हणू नये, येते म्हणावं." माझ्या आजीनं आम्हा सगळ्या नातींना हे पढवलं होतं. उंबऱ्यातून 'जाते' म्हटलं की ती परत आत बोलवायची, हातावर साखर ठेवायची, आणि 'येते' म्हणवून घेऊन मगच सोडायची.

ती चाल ओळखीची का वाटली, तेही आमच्या ह्यांनी सांगितलं. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलन होतं, तेव्हा शिक्षण संपवून निघालेले छात्र शेवटी याच चालीवर संथ पावलं टाकत बाहेर पडतात. त्याला 'अंतिम पग' म्हणतात. ह्यांचा एक मित्र त्यातून बाहेर पडला होता, तेव्हा हे तिथं हजर होते. आणि त्याच्याही आधी, २८ फेब्रुवारी १९४८ ला, आपल्या मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियातून ब्रिटिशांची शेवटची पलटण, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, जहाजावर चढली तेव्हाही बँडवर हीच धून वाजली. दीडशे वर्षं ज्यांनी राज्य केलं त्यांनाही आपण मित्रांच्या गाण्यानं निरोप दिला. मला याचं फार नवल वाटलं. रवींद्रनाथांनीही याच चालीवर बंगालीत गाणं बांधलंय म्हणे लेक. एक चाल किती दारांतून माणसं पोहोचवून आली!

आपल्याकडे दारातून पोहोचवणारं गाणं एकच. पी. सावळाराम यांनी लिहिलेलं, वसंत प्रभूंनी चाल लावलेलं, लताबाईंनी गायलेलं पाठवणीचं गाणं. सावळाराम आमच्या सांगली जिल्ह्यातले, येडेनिपाणीचे. माझ्या लग्नात बँडवाल्यानं ते वाजवायला घेतलं आणि मांडवातल्या बायका एकसाथ रडायला लागल्या. आचारी बाहेर येऊन डोळे पुसत होता. वडील तेवढे रडले नाहीत. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. ते माझ्या ओटीतला नारळ नीट बसवत राहिले, जणू तो नीट बसला की पुढं सगळंच नीट होईल.

आता खरं सांगायचं ते सांगते.

लेकीच्या जाण्याला दहा दिवस उरले होते. मी तिला म्हटलं, "मंदिरात चल, भगवंतांसमोर नियम घे. तिकडे रात्री जेवणार नाही आणि कंदमूळ खाणार नाही." तिनं शांतपणे सांगितलं, "आई, प्रयत्न करीन. नियम घेणार नाही. डिसेंबरात तिकडे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा मी वर्गात असेन. नियम मोडला तर तुला खोटं सांगावं लागेल. मला तुझ्याशी खोटं बोलायचं नाही."

मैत्रिणींनो, आज लिहिताना ते वाक्य किती सरळ दिसतं. त्या दिवशी मला त्यात फक्त नकार ऐकू आला. एवढी वर्षं सूर्यास्ताआधी ताट वाढलं, शाळेच्या सहलीला वेगळा डबा दिला, ते सगळं वाया गेलं असं वाटलं. मी भांडले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मी गप्प झाले. पुढचे आठ दिवस फक्त कामापुरतं बोलले. व्हिसाचे कागद ठेवलेस का. स्वेटर घेतलास का. चटणीचे डबे आत सरकवत राहिले, पण तिच्याकडे धड पाहिलं नाही.

विमान पहाटेचं होतं. मुंबई विमानतळाच्या दारावर जवान पासपोर्ट आणि तिकीट बघतो, तिथून पुढं आपल्याला जाता येत नाही. आजूबाजूला चार-पाच कुटुंबं होती. कुणी पेढा भरवत होतं, कुणी फोटो काढत होतं, एक आजोबा नातवाच्या गळ्यात पडून हुंदके देत होते. लेक माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "येते आई." मी म्हटलं, "पोहोचलीस की फोन कर." तिला जवळ घेतलं नाही. ती थोडा वेळ थांबली. मग ट्रॉली ढकलत आत गेली.

परतीच्या वाटेवर वाशीचा खाडीपूल येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मग हे म्हणाले, "बोलली असतीस तर काय गेलं असतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर मला लेकीपेक्षा दादाच जास्त आठवले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा सांगलीत आमच्या माहेरच्या घरात छातीभर पाणी होतं. पाणी ओसरल्यावर मी चिखल काढायला गेले. भिंती ओल्या, धान्य कुजलेलं, सगळीकडे वास. मी दादांना म्हटलं, "चला माझ्याकडे खारघरला, दोन महिने राहा." ते म्हणाले, "मी इथंच बरा." मी चिडले. दमलेली होते, बरंच बोलले. हट्टी म्हटलं, दुसऱ्यांच्या जिवाला घोर लावता म्हटलं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सला बसायला निघताना 'येते' म्हटलं, पण मागं वळून पाहिलं नाही. ते दारात कंदील घेऊन उभे होते, वीज आली नव्हती.

महिन्याभरात क्षमावाणी आली. मी काय केलं? मोबाईलवर आलेलं एक चित्र, कमळाचं, खाली 'उत्तम क्षमा', ते ऐंशी जणांना पाठवलं. त्यात भावाच्या फोनवरही पाठवलं आणि खाली लिहिलं, "दादांना दाखव." दादांनी पाहिलं असेल. मार्गशीर्षात ते गेले. रात्री झोपले ते उठले नाहीत. कमळाच्या चित्रात पुराचा चिखल नव्हता, 'हट्टी' हा शब्द नव्हता, कंदील नव्हता. ज्याची क्षमा मागायची ते सोडून बाकी सगळं त्यात होतं.

'येते' म्हटलं होतं. गेले, ते त्यांना शेवटचं न्यायला.

म्हणून ते फ्रेंच गाणं मला गोड वाटतं आणि अपुरंही. पुन्हा भेटू हे म्हणणं चांगलं आहे, पण ते आपल्या हातात नाही. आणि दुसरा शब्द, देवाच्या हवाली करण्याचा, तो तर आपल्याला म्हणताच येत नाही. आपले भगवंत वीतराग आहेत. ते कुणाला सांभाळायला घेत नाहीत, कुणाची गाठ घालून देत नाहीत. प्रत्येक जीव आपलं कर्म घेऊन एकटा येतो, एकटा जातो. बारा भावनांमध्ये पहिली अनित्य भावना, आणि पुढं एकत्व आणि अन्यत्व. लहानपणी पाठशाळेत घोकताना वाटायचं, किती रुक्ष आहे हे सगळं! मायेचं माणूस दूर निघालंय आणि आम्ही म्हणायचं, सगळं वेगळं, सगळं अनित्य?

पण मग आपण निरोप घेताना करायचं काय? याचं उत्तर मला कुंथलगिरीला मिळालं होतं, फक्त तेव्हा कळलं नव्हतं. दादा आम्हा भावंडांना तिथं घेऊन गेले होते. धाराशिव जिल्ह्यातलं ते सिद्धक्षेत्र तुम्हाला माहीत आहेच. तिथं १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. दृष्टी मंदावली, जीवरक्षा होईल असं चालणं, पाहून आहार घेणं होईना, तेव्हा महाराजांनी हा निर्णय घेतला आणि १८ सप्टेंबरला समाधिमरण साधलं. त्या दिवसांत त्यांनी मराठीतून केलेला शेवटचा उपदेश ध्वनिमुद्रित झालेला आहे. दादांनी आम्हाला सांगितलं होतं, "सल्लेखना घेणारा आधी सगळ्यांची क्षमा मागतो आणि सगळ्यांना क्षमा करतो. मगच आहार सुटतो. मनात गाठ ठेवून सुटायचं नसतं."

म्हणजे आपला निरोप हा. देवाच्या हवाली करणं नाही, पुन्हा भेटीचं वचनही नाही. जाताना मागं गाठ ठेवायची नाही, एवढंच. भेट झाली तर आनंद, नाही झाली तरी बाकी काही राहिलं नाही. रुक्ष वाटणारी ती भावना खरं तर फार मायेची आहे. माणूस पुन्हा दिसेलच असं धरून चालू नकोस, म्हणून आजच नीट बोल, असं ती सांगते.

आणि आपल्या मराठी भाषेनं हे आधीच एका शब्दात बांधून ठेवलंय. निरोप म्हणजे जातानाची भेट, आणि निरोप म्हणजे सांगावाही. 'तिला निरोप दे' म्हटलं की दोन्ही अर्थ होतात. मी विमानतळावर लेकीला पहिला निरोप दिला, दुसरा दिलाच नाही. दादांनाही तसंच केलं होतं.

दशलक्षणाच्या तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जव. मंदिरात आर्जवाचा अर्थ सांगत होते. जे मनात तेच वाणीत, जे वाणीत तेच कृतीत, आत-बाहेर सरळ. मी मांडी घालून बसले होते आणि एकदम लेकीचं वाक्य आठवलं. मला तुझ्याशी खोटं बोलायचं नाही. हेच तर आर्जव! मी तिच्याकडे नियम मागत होते आणि ती मला धर्म देत होती. वीस वर्षं ताट वाढलं ते वाया गेलं नव्हतं. फक्त मला हवं होतं तिथं उगवलं नव्हतं, दुसरीकडे उगवलं होतं.

क्षमावाणीच्या दिवशी मी चित्र पाठवलं नाही. आपल्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे तिच्याकडे साडेपाच, तेव्हा फोन लावला. काय बोलायचं ते दुपारी कागदावर लिहून ठेवलं होतं, कारण मला माहीत होतं की ऐन वेळी मी पुन्हा स्वेटरबद्दल विचारीन. मी म्हटलं, "आठ दिवस मी तुझ्याशी नीट बोलले नाही. तुझं खरं बोलणं मला उद्धटपणा वाटलं. दारातून जाताना तुला जवळ घेतलं नाही. या तिन्हीसाठी मला क्षमा कर."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाली, "आई, मीपण. मी तुझे दोन डबे शेवटच्या रात्री कपाटामागं लपवून आले. वजन जास्त होत होतं." आम्ही दोघी हसलो. नंतर तिनं सांगितलं, "सूर्यास्ताचं सध्या सोपं आहे, इथं आठनंतर अंधार पडतो. हिवाळ्यात काय होईल माहीत नाही. आणि पहिल्या आठवड्यात दोनदा बटाटा खाल्ला, मेसमध्ये दुसरं काही नव्हतं."

खोटं कशाला बोलू, काळजात चर्र झालं. पण तिनं सांगितलं, हे मला बटाट्यापेक्षा मोठं वाटलं. नियम घेतला असता तर हे दोन बटाटे मला कधीच कळले नसते.

फोन ठेवताना ती म्हणाली, "येते आई." फोनवर कोण येतं-जातं, पण सवय. मी म्हटलं, "ये."

मैत्रिणींनो, तुमच्याही घरून कुणी निघणार असेल, पुण्याला असो की परदेशी, सासरी असो की नुसती मे महिन्याची सुट्टी संपवून, तर डबे भराच. पण आदल्या रात्री एकदा शेजारी बसून जे अडकलंय ते नाव घेऊन बोलून टाका. 'काही चुकलं असेल तर' असं मोघम नको. काय चुकलं ते सांगा. आणि मोठ्यांनी आधी मागितली तर धाकट्यांना सोपं जातं, हे मी आता अनुभवानं सांगते. दादांची क्षमा मी रोज सकाळी पाठ झाल्यावर मागते, कंदिलाचं नाव घेऊन. ऐकायला ते नाहीत, हे ठाऊक आहे. गाठ माझ्याकडची आहे, ती मलाच सोडायची आहे.

आणि या दीड महिन्यात तुमच्यापैकी चौघींनी मनापासून लिहिलेल्या पत्रांना मी उत्तर दिलं नाही. वेळ नव्हता असं नाही, मन नव्हतं. त्याबद्दल मला क्षमा करा. कपाटामागं सापडलेला एक डबा मेतकुटाचा निघाला. लेक म्हणते पोस्टानं पाठव, म्हणून नवं करायला घेतलंय. पुढच्या वेळी त्याचं प्रमाण देते.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.